संमतिवयाचा कायदा : दहापासून अठरापर्यंत

कणकवलीहून कसालच्या वाटेनें मालवणास उतरणारा प्रवासी बहुधा समुद्रांतील सिंधुदुर्ग पाहण्याच्या ओढीनें जातो. त्याच मालवणांत ६ जुलै १८३७ रोजीं रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म झाला. संस्कृत विद्येचे महापंडित म्हणून त्यांचें नांव सर्वतोमुखीं आहे. परंतु बालिकांच्या जीविताचें रक्षण करूं पाहणाऱ्या एका कायद्याच्या बाजूनें त्यांनीं आपली विद्या पणास लाविली होती, ही गोष्ट त्या मानानें कमी लोकांस ठाऊक आहे. तो कायदा म्हणजे १८९१ चा संमतिवयाचा कायदा. त्याची कथा श्रोत्यांनीं ऐकण्याजोगी आहे. मुलांच्या आरोग्याचा प्रश्न दवाखान्यांतून निघून कायदेमंडळापर्यंत कसा पोंचतो, आणि तेथून घराच्या उंबरठ्यापर्यंत परत येण्यास त्याला किती काळ लागतो, हें तींत स्पष्ट दिसतें.

१८६० सालच्या पीनल कोडानें विवाहित मुलीस कायद्याचें संरक्षण दिलें तें अवघें दहा वर्षांच्या वयापर्यंत. त्यापुढें पतीनें तिच्याशीं कसें वागावें, याविषयीं त्या कलमाला कांहीं म्हणावयाचें नव्हतें. लग्न बालपणीं लावावें, मुलीस सासरीं मात्र मोठेपणीं पाठवावें, असा संकेत अनेक जातींत होता. पण संकेत म्हणजे कायदा नव्हे, आणि तो सर्वत्र पाळला जाई असेंही नाहीं. १८९० सालीं कलकत्त्यास फुलमणी नांवाची अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या अत्याचारानें मरण पावली. खटला हायकोर्टांत चालला. मुलीचें वय दहांच्या वर असल्यामुळें बलात्काराचें कलम लागूच होईना. हयगयीनें गंभीर इजा केल्याबद्दल पतीस एक वर्षाची सक्तमजुरी झाली. एका बालिकेच्या प्राणाचें मोल कायद्याच्या तागडींत इतकेंच भरलें, हें पाहून देशांतील विचारी माणसें अस्वस्थ झालीं.

या अस्वस्थतेची पूर्वतयारी मुंबईंत अगोदरच झाली होती. १८८४ सालीं बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाह आणि सक्तीचें वैधव्य या दोन विषयांवर टिपणें प्रसिद्ध करून सरकारला व समाजाला जाब विचारला. त्याच वर्षीं दादाजी भिकाजी यांनीं पत्नी रखमाबाई हिनें आपल्या घरीं नांदावयास यावें म्हणून फिर्याद गुदरली. रखमाबाईचें लग्न अकराव्या वर्षीं झालें होतें आणि ती सासरीं गेली नव्हती. तिचे सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन हे मुंबईंतील नामांकित वैद्य होते. १८८५ त न्यायमूर्ति पिन्ही यांनीं तिच्या बाजूनें निकाल दिला. परंतु अपिलानंतर १८८७ त 'नांदावयास जा, नाहींतर सहा महिने तुरुंगांत जा' असा हुकूम झाला. तिनें तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. शेवटीं १८८८ त दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढें विलायतेंत वैद्यकाचें शिक्षण घेऊन ती डॉक्टर झाली, आणि सुरत व राजकोट येथें तिनें स्त्रियांची व मुलांची दीर्घकाळ शुश्रूषा केली. अजाण वयांत लावलेल्या लग्नास मुलीची संमति होती असें कसें म्हणावें, हा प्रश्न या खटल्यानें घरोघर नेला.

परंतु या वादांत सर्वांत वजनदार साक्ष पडली ती वैद्यांची. हिंदुस्थानांत रुग्णसेवा करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनीं डॉक्टर मॅन्सेल यांच्या पुढाकारानें व्हाइसरॉयकडे अर्ज पाठविला. त्यांत त्यांनीं स्वतः तपासलेल्या बालपत्नींच्या दुखापती, पांगळेपण आणि मृत्यु यांची हकीकत दिली होती. ऋतुप्राप्ति ही शरीराच्या वाढीची सुरुवात आहे, पूर्णता नव्हे, हें वैद्यकाचें म्हणणें होतें. कोवळ्या वयांत मुलीच्या कटिभागाचीं हाडें पुरतीं वाढलेलीं नसतात. त्यामुळें प्रसूति अडते, आई दगावते किंवा जन्माची अधू होते, आणि मूल अशक्त उपजतें. म्हणजे येथें एका जिवाचा नव्हे, तर दोन बालकांच्या जिवांचा प्रश्न होता. कारण ती आईही बालकच होती.

९ जानेवारी १८९१ रोजीं सर अँड्र्यू स्कोबल यांनीं ही मर्यादा दहावरून बारावर नेणारें बिल मांडलें, आणि महाराष्ट्रांत वादळ उठलें. विरोधाचे धुरीण होते बाळ गंगाधर टिळक. तेही रत्नागिरीचे, म्हणजे कोंकणचेच. टिळकांस बालविवाह प्रिय होता असें मानणें अन्यायाचें होईल. १८९० सालींच त्यांनीं सुधारकांपुढें सूचना ठेविली होती कीं, मुलींचीं लग्नें सोळाव्या व मुलग्यांचीं विसाव्या वर्षापूर्वीं करूं नयेत, अशी प्रतिज्ञा ज्यांना पटेल त्यांनीं स्वतःपुरती करावी. परक्या सरकारनें घरांत व धर्मांत हात घालूं नये, समाजानें आपण होऊन सुधारावें, हा त्यांचा मुद्दा होता. आणि पारतंत्र्यांत तो मुद्दा क्षुल्लक नव्हता.

दुसऱ्या बाजूस रानडे, तेलंग, आगरकर आणि भांडारकर उभे होते. ऋतुप्राप्ति होतांच गर्भाधान न केल्यास धर्म बुडतो, असें विरोधक म्हणत. भांडारकरांनीं या विषयावर स्वतंत्र निबंध लिहून शास्त्रवचनांचाच आधार घेतला. प्राचीन गृह्यसूत्रांतील विवाहविधि वधू प्रौढ आहे असें धरूनच सांगितलेले आहेत. पुढील ग्रंथांत मतभेद आहेत. तेव्हां काळ थोडा लांबविल्यानें धर्माचा लोप होत नाहीं, असें त्यांनीं दाखवून दिलें. शास्त्र मोडण्याकरितां नव्हे, तर शास्त्र नीट वाचून मुलीचा जीव वांचविण्याकरितां त्यांनीं लेखणी उचलली.

या वादाकडे आज शांतपणें पाहिलें तर एक गोष्ट लक्षांत येते. टिळकांची प्रतिज्ञा वयानें चार वर्षांनीं पुढें होती, कायद्याची मर्यादा तोकडी होती. सोळा कोठें आणि बारा कोठें! परंतु प्रतिज्ञेवर सही करावयाची ती बापानें. जिच्या देहावर परिणाम व्हावयाचा, त्या दहा वर्षांच्या मुलीस सहीचा अधिकार नव्हता, आणि समाज सुधारेपर्यंत वाट पाहण्यास तिला अवधिही नव्हता. ज्याला स्वतःचें गाऱ्हाणें मांडतां येत नाहीं, त्याच्या वतीनें कोणी तरी बोललें पाहिजे, आणि त्या बोलण्यास कायद्याचें बळ पाहिजे, या एका तत्त्वावर बिलाची बाजू उभी होती. १९ मार्च १८९१ रोजीं बिल मंजूर झालें.

कायदा झाला म्हणून चाल मात्र बदलली नाहीं. १९२५ सालीं विवाहित मुलींसाठीं मर्यादा तेरावर आली. १९२८ सालीं सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें कमिटी नेमली. तिनें देशभर साक्षी घेतल्या, तेव्हां या कायद्याची लोकांस फारशी माहितीच नाहीं असें आढळून आलें. १९२९ त हरविलास सारडा यांचें बिल मंजूर होऊन मुलीचें विवाहवय चौदा व मुलाचें अठरा ठरलें. अंमल १ एप्रिल १९३० पासून व्हावयाचा होता. त्यापूर्वींच्या महिन्यांत लोकांनीं घाईघाईनें असंख्य बालविवाह उरकून घेतले! १९४९ त मुलीचें वय पंधरा झालें, १९७८ त अठरा. तरीही दंडसंहितेंतील विवाहित मुलीची मर्यादा पंधरावरच राहिली. लग्न बेकायदा, पण लग्नानंतरचा समागम गुन्हा नाहीं, अशी ही विसंगति जवळजवळ चाळीस वर्षें टिकली. ११ ऑक्टोबर २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती दूर केली, आणि २०२४ पासून अंमलांत आलेल्या न्यायसंहितेंत अठराची मर्यादा दाखल झाली. दहापासून अठरापर्यंतचीं आठ वर्षें चढण्यास देशाला दीडशेंहून अधिक वर्षें लागलीं.

आणि अजूनही ही वाट सरलेली नाहीं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें बावीस जणींचें लग्न अठरा वर्षांपूर्वीं झालेलें आढळलें. म्हणजे पांचांत एकीहून अधिक. गरिबी, स्थलांतर, शाळेंतून लौकर काढणें आणि मुलगी म्हणजे जोखीम ही समजूत, हीं त्याचीं कारणें आजही जुनींच आहेत.

१८९१ सालीं विरोधकांचा एक आक्षेप असा होता कीं, मुलीचें वय सिद्ध कसें करणार? जन्माची नोंद फार थोड्या घरीं होती. आज त्या प्रश्नाचें उत्तर गांवोगांव आहे. कणकवलीच्या एस्. टी. स्टँडवर सकाळीं दप्तरें घेऊन उतरणाऱ्या मुलींपैकीं प्रत्येकीची जन्मतारीख शाळेच्या पटावर शाईनें लिहिलेली असते. ती तारीख म्हणजे त्या मुलीच्या संरक्षणाचा पहिला पुरावा होय. भांडारकरांनीं पोथ्यांतून आणि डॉक्टरांनीं रुग्णशय्येवरून जें शोधून आणलें, तें आतां एका ओळींत सांपडतें. मुलगी वर्गांत दिसेनाशी झाली कीं ती ओळ उघडून पाहणें आणि वेळींच आवाज उठविणें, एवढें काम शिक्षकानें, शेजाऱ्यानें व पालकानें केलें, तर कायदा उंबरठ्याच्या आंत पोंचेल.