हर्सूलकडून शहराकडे

आमच्या शहरी आलेला पाहुणा प्रथम बिबीचा मकबरा पाहतो, मग पाणचक्की. सवड असल्यास सोनेरी महालातील पुराणवस्तुसंग्रहालयात डोकावतो आणि दुसऱ्या दिवशी अजिंठ्याच्या वाटेला लागतो. त्या वाटेवर हर्सूल लागते. तेथे तो थांबत नाही. आम्ही तरी कुठे थांबत होतो? परंतु या शहराचा इतिहास समजून घ्यावयाचा, तर आरंभ इकडूनच केला पाहिजे.

१६१० च्या सुमारास मलिक अंबराने खडकी वसविली. निजामशाहीचा हा हबशी वजीर जितका लढवय्या, तितकाच जाणता कारभारी होता. तटाआधी पाणी हवे, हे त्याने ओळखले. उत्तरेकडील डोंगरपायथ्याशी मुरलेले पाणी त्याने जमिनीखालच्या नहरीतून, उताराच्या बळावर, वस्तीत आणले. त्याला ना मोट लागली, ना बैल. पुढे पाणचक्कीची नहर झाली, तीही हर्सूलच्या बाजूच्या विहिरीतून निघते. वाटेतल्या चुनेगच्ची मनोऱ्यांतून पाणी चढत-उतरत दर्ग्यापर्यंत येई, जाते फिरवी आणि त्या पिठावर फकीर, प्रवासी व विद्यार्थी जेवत. पाहुण्याला पाणचक्कीची धार दिसते. तिचे माहेर दिसत नाही.

खडकीचे फतेहनगर झाले, १६५३ नंतर औरंगाबाद झाले, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. राजवटी बदलल्या, नावे बदलली. डोंगराचा उतार मात्र तोच राहिला. आज शहराची तहान मुख्यतः दक्षिणेच्या जायकवाडी जलाशयावर भागते. गोदावरीचे ते पाणी पंपांनी वर चढवावे लागते. वाढत्या शहराला ते आवश्यकच होते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती आमच्याविषयीच. नवे पाणी आले आणि जुन्या नहरींची कदर संपली. घरांच्या पायांत, रस्त्यांच्या खोदकामांत त्या ठिकठिकाणी फुटल्या, बुजल्या. हे काम कोणा शत्रूने केलेले नाही.

संग्रहालयातील तलवारीला आज कोणी हात घालीत नाही, तरीही आपण ती काचेत जपतो. नहर तर चार शतकांपूर्वीची असूनही काही ठिकाणी अजून ओली आहे. तिला काचेचे कपाट नको. ती कोठून जाते याची गावाला आठवण हवी. म्हणून पुढच्या खेपेस पाहुणे आले, की त्यांना प्रथम हर्सूलला न्यावे आणि तेथून, पाण्याच्या वाटेने, शहरात आणावे.