बिघाडातून घडलेला सूर

शाळेच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालक माईक घेऊन स्पीकरसमोर आला की कर्कश शिट्टी ऐकू येते आणि माईकवाला धावत येऊन आवाज कमी करतो. स्पीकरमधला आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन स्पीकरमधून बाहेर पडतो आणि पुन्हा माईकमध्ये शिरतो. या चक्राला आपण फीडबॅक किंवा प्रत्याभरण म्हणतो. तंत्रज्ञांच्या लेखी हा बिघाड. जिमी हेन्ड्रिक्स या अमेरिकन गिटारवादकाने मात्र त्यातून सूर काढले.

हेन्ड्रिक्सचा जन्म १९४२ साली सिअ‍ॅटल येथे झाला. त्याला स्वरलेखन वाचता येत नसे. १९६६ च्या सप्टेंबरमध्ये तो लंडनला आला आणि १८ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तेथेच वारला. कीर्तीची वर्षे जेमतेम चार!

त्याचे वाद्य समजायला फॅरडेचा १८३१ चा प्रयोग आठवावा. विद्युत गिटारमध्ये तारांखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते व वेढ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. हा क्षीण संकेत अ‍ॅम्प्लिफायर मोठा करतो. त्याच्या क्षमतेपेक्षा मोठा संकेत दिला तर लहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ वारंवारतेच्या पटीतील नवे स्वर मिसळतात. आवाज खरखरीत पण भरदार होतो. हेन्ड्रिक्स हे मुद्दाम घडवून आणी. मोठ्या आवाजातील स्पीकरसमोर तो उभा राहिला की हवेतील कंपने तारेला हलवत. तारेची जेवढी ऊर्जा खर्च होई तेवढी परत मिळे, आणि सूर विझतच नसे. गिटार थोडी वळवली किंवा एखादे पाऊल मागे घेतले की तारेचा वेगळाच उपस्वर घुमू लागे.

फीडबॅक वापरणारा तो पहिला नव्हे. बीटल्सच्या १९६४ च्या ‘आय फील फाइन’ या गाण्याची सुरुवातच त्याने होते. पण १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी वुडस्टॉकच्या महोत्सवात हेन्ड्रिक्सने अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवले, तेव्हा या गोंगाटाला अर्थ आला. व्हिएतनाम युद्ध चालू होते. अनेकांना त्या सुरांत विमानांचा आणि बॉम्बचा आवाज ऐकू आला. हेन्ड्रिक्स स्वतः कधीकाळी छत्रीधारी सैनिक होता.

आणखी एक गंमत आहे. तो डावखुरा होता. उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर गिटार उलटी धरून, तारा अदलून बदलून लावून तो वाजवी. या गिटारचा घोडीजवळचा पिकअप तिरका बसवलेला असतो. गिटार उलटताच तो जाड तारांकडे घोडीच्या जवळ आला आणि बारीक तारांकडे दूर गेला. त्यामुळे जाड तारा अधिक धारदार आणि बारीक तारा अधिक मऊ वाजू लागल्या. १९९७ साली फेंडर कंपनीने उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी मुद्दाम तशी उलटी गिटार काढली!

मग तो आवाज सर्वांना का साधला नाही? आमच्या मते उत्तर त्या चक्रातच आहे. गिटार, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर यांची नक्कल करता येते. पण त्या चक्राचा एक दुवा वादकाचा कान आणि हात हा होता. प्रत्येक क्षणी ऐकून, पुढच्या क्षणी तार किंचित दाबून तो त्या बिघाडाला वळण देत असे. तो दुवा कोणत्याच दुकानात मिळत नाही.

पुढच्या संमेलनात माईक किंचाळला, तर तो बंद करण्यापूर्वी मुलांना क्षणभर ऐकू द्यावे आणि विचारावे, ‘हा आवाज येतो कुठून?’