सूर्यकन्येच्या काठीं सूर्याची विद्या

वैशाखांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. परंतु धाब्याचें मातीचें घर बाहेरचा ताप सहसा आंत येऊं देत नाहीं. उष्णता बाहेर ठेवण्याची ही विद्या खानदेशास पिढीजात ठाऊक आहे. उष्णता आंत कोंडण्याची विद्या मात्र शास्त्रज्ञांना पाऊणशें वर्षें हुलकावणी देत आली आहे.

१९५५ च्या ऑगस्टमध्यें जिनीव्हा येथें भरलेल्या अणुशक्ति-परिषदेचे अध्यक्ष मुंबईचे डॉ. होमी भाभा होते. सूर्याच्या पोटांत हायड्रोजनचे अणुगर्भ एकत्र येऊन जी शक्ति प्रकट होते, ती मनुष्य वीस वर्षांत आपल्या स्वाधीन करून घेईल, असें भाकित त्यांनीं केलें. वीस वर्षें लोटलीं. भाकित फळास आलें नाहीं. खुद्द भाभा १९६६ सालींच विमान-अपघातांत निवर्तले होते.

मग अडलें कोठें? या कार्यासाठीं वायु दहा कोटि अंशांवर तापवावा लागतो. अशा वायूस प्लाझ्मा म्हणतात. तो कोणत्याहि भिंतीस टेकूं न देतां चुंबकाच्या अदृश्य कुंपणांत कोंडावा लागतो. कण एकमेकांवर आदळत सावकाश बाहेर सरकतील, असा मूळ हिशेब होता. प्रत्यक्षांत उष्णता व कण त्याहून कितीतरी पट वेगानें निसटूं लागले. तापीच्या पुरांत भोवरे उठून मधलें पाणी काठाकडे लोटतात. तसेच सूक्ष्म भोवरे प्लाझ्म्यांत उठून आंतली उष्णता कडेला आणून टाकतात.

१९६८ सालीं रशियनांनीं टोकामाक नांवाच्या कंकणाकृति यंत्रांत सुमारें एक कोटि अंश गांठल्याचें सांगितलें. पुढल्याच वर्षीं ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं तेथें जाऊन त्याचा पडताळा घेतला. १९८२ सालीं जर्मनींत फ्रिट्झ वाग्नर यांना आढळलें कीं, विशिष्ट मर्यादेपलीकडे तापवितांच कडेचे भोवरे शमतात व उष्णता सुमारें दुप्पट वेळ टिकते. आपल्याकडे १९८९ सालीं गांधीनगरास ‘आदित्य’ यंत्र सुरू झालें. त्यावर प्रेधिमन काव व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कडेची ही खळबळ मोजली, आणि ती एकसारखी नसून झटक्याझटक्यानें येते, असें १९९२ सालीं दाखविलें.

फ्रान्समधील ‘ईटर’ या प्रचंड यंत्राच्या उभारणींत भारत २००५ सालीं सामील झाला. त्याच्या सुमारें ३० मीटर उंच पोलादी आवरणाचे भाग हजिऱ्यास घडविले गेले. शेवटचे भाग २०२० सालीं रवाना झाले. खानदेशांतून वाहत गेलेली तापी समुद्रास मिळते, ती याच हजिऱ्याजवळ. पुराणांनीं तिला सूर्यकन्या म्हटलें आहे.

भाभांचा वर्षांचा हिशेब चुकला, दिशा चुकली नव्हती. अडचण नेमकी कोठें आहे, हें कळावयास पिढ्या लागल्या. आणि तें कळल्यावांचून पुढचें पाऊल पडत नाहीं.