‘व्हॉइस ऑफ रफी’च्या मागे

उठा, मॅटाडोर आली! मोबाइल इथंच ठेवा. आपण जातोय तिथं त्याला रेंज नाही आणि तुम्हाला उसंत नाही. बेलबॉटम चढवा, वर तो जांभळा सॅटिनचा शर्ट. सगळ्या वादकांना एकाच ताग्यातून शिवलाय आणि शिंप्यानं माप घेतलं ते अकॉर्डियनवाल्याचं, त्यामुळे तुम्हाला तो काखेत काचणार. साल १९८०, गणपतीतली चौथी रात्र, सुपारी लालबागची. तुम्ही ऑर्केस्ट्राचे ड्रमर आहात. वाजवता येत नाही? हातांना येतं. तुम्ही फक्त त्यांच्या मध्ये येऊ नका.

मॅटाडोरमध्ये मोठा ड्रम मांडीवर घेऊन, त्यावर हनुवटी टेकवून बसायचं. डिझेल, ओली ताडपत्री, चमेलीचं तेल, पान आणि कुणाच्या तरी डब्यातली बटाट्याची भाजी, सगळ्याचा मिळून एकच वास झालाय. पुढच्या सीटवर ऐसपैस बसलाय तो ‘व्हॉइस ऑफ रफी’. ऐन सप्टेंबरात गळ्याला मफलर, गालात लवंग. घसा राखतोय, म्हणून बोलत नाही. दिवसा बँकेत कारकून आहे. पण रफीसाहेब जाऊन दीड महिना झाला आणि तेव्हापासून याला सुपाऱ्या आवरेनाशा झाल्यात. पोस्टरवर त्याचा फोटो आहे. ‘व्हॉइस ऑफ किशोर’चा आहे, ‘व्हॉइस ऑफ लता’चा आहे. तुमचा नाही. तुमच्या फोटोखाली कुणाचे हात म्हणून छापणार? लेस्ली गोदिन्हो, बुजी लॉर्ड, फ्रँको वाझ ही नावं स्टुडिओच्या आत सगळ्यांना ठाऊक, पण तबकडीवर ती छापत नाहीत. तुम्ही ज्यांची हुबेहूब नक्कल करता ते लोक मंडपातल्या एकालाही माहीत नाहीत. म्हणजे नक्कल जमली तरी टाळी नाही. चुकली तर मात्र पहिल्या रांगेतलं शेंबडं पोरसुद्धा वळून बघतं.

भारतमाता सिनेमा मागे पडला की नाकात हुळहुळतं. कुठंतरी मसाला कुटला जातोय, पलीकडच्या कढईत चिवडा तळला जातोय, आणि दोन्हींवर गिरणीच्या धुराचा एक थर. शिंका येतात. गायक मफलर नाकावर ओढून तुमच्याकडे असं बघतो, जणू मिरच्या तुम्हीच कुटल्यात.

स्टेज म्हणजे बाकांवर टाकलेल्या फळ्या, आणि फळ्यांच्या मध्ये बोटभर फटी. तुमच्या स्टुलाचा एक पाय नेमका फटीत जातो. चाळीतला एक पोरगा पुठ्ठ्याची घडी घेऊन पळत येतो, “काका, हे घाला खाली!” आता वीट शोधा. हो, वीट. पायाचा दट्ट्या बसला की मोठा ड्रम दर ठोक्याला बोटभर पुढं सरकतो. दोन गाण्यांत तो थेट गायकाच्या टाचांना जाऊन लागेल. जाणते ड्रमर म्हणून पुढं वीट लावतात आणि वर एक सुतळी ड्रमपासून स्वतःच्या स्टुलाला बांधतात. आता ड्रम निघाला तर तुम्हाला घेऊनच निघेल. दुपारी पाऊस झालाय, त्यामुळे शेजारी बोंगोवाला कातडं शेकत बसलाय, शंभराच्या बल्बवर. मधूनमधून टिचकी मारतो, कान लावतो, पुन्हा शेकतो. जळक्या कातड्याचा आणि उदबत्तीचा वास एकत्र आला की समजायचं, कार्यक्रम सुरू व्हायला आला.

समोर बघा, गर्दी किती! सतरंजीवर पोरं, त्यांच्यामागे बायका, त्यामागे उभे बाप्ये. वर गॅलऱ्यांत माणसं इतकी वाकलीत की कठड्यांची काळजी वाटावी. रात्री दहाला कर्णे बंद करायचा नियम अजून जन्माला यायचाय. आहुजाच्या कर्ण्यातून “हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग” गेली वीस मिनिटं चाललंय. वीज तळमजल्यावरच्या एका खोलीतून घेतलीय. त्या घरात कुणी शेगडी लावली की स्टेजवरचे दिवे मंदावतात आणि एकोमध्ये गायकाचा आवाज गटांगळ्या खातो.

सुरुवात अर्थातच ‘प्रथम तुला वंदितो’नं. ‘अष्टविनायक’ गेल्या वर्षीच आलाय, गल्लीतल्या प्रत्येकाला गाणं पाठ आहे. इथं तुम्हाला काम जवळजवळ नाही. तबलेवाला राजा, तुम्ही भाविक.

मग निवेदक चिठ्ठी वाचतो आणि पोरं शिट्ट्यांनी मंडप डोक्यावर घेतात. ‘कुर्बानी’! ‘व्हॉइस ऑफ लता’नं नाक मुरडलेलं, तरी सुपारी देतानाच मंडळानं ते लिहून घेतलंय. नाझिया हसनचं गाणं लंडनहून बिद्दूनं पाठवलं आणि इथं तुमच्या उजव्या पायाचे हाल सुरू झाले. धप, धप, धप, धप, प्रत्येक मात्रेला एक, ना कमी ना जास्त. आजवर हिंदी गाण्यात पायाला श्वास घ्यायला जागा असायची. डिस्कोत नाही. दुसऱ्या कडव्यात पोटरी दगड होते. घामानं काठी निसटते. ती आधीच तडकलेली, इन्सुलेशन टेपनं गुंडाळलेली. परदेशी काठ्या धोबीतलावच्या दुकानाच्या काचेतून बघायच्या असतात.

हे सगळं शिकलात कुठं? इराण्याकडे. ज्यूकबॉक्समध्ये चार आणे टाकायचे, एक पाणी-कम चहा मागवायचा आणि गाणं चालू असताना संगमरवरी टेबलावर बोटं, खाली फरशीवर चप्पल. गाण्याला कान न देता गाण्याच्या मागे कान द्यायचा. इराणी ओरडतो, “टेबल तुमच्या बापाचा हाय काय?” घरी सराव उशीवर, कारण भिंतीपलीकडचे जोशीकाका सकाळच्या पाळीचे.

आणि एक हिशेब कुणी करत नाही, तो मी करतो. रेकॉर्डिंगला रिदमची फौज असते. एकट्या संगीतकार पंचमकडे मारुतीराव कीर, होमी मुल्लन, अमृतराव काटकर, फ्रँको वाझ अशी तगडी फळी. तुमच्याकडे तुम्ही, तबलेवाला आणि बोंगोवाला. म्हणजे कुठला आवाज गाळला तर लोकांच्या लक्षात येणार नाही, हे ठरवणं हीच तुमची कला. माझ्या मते हे काम स्टुडिओतल्यापेक्षा अवघड, आणि पैसे पाहाल तर हसू येईल.

‘मेहबूबा’ला मात्र गाळून चालत नाही. पंचमनी त्यात अर्धवट भरलेल्या बिअरच्या बाटल्यांवर फुंकर मारून सूर काढलाय. गणपतीसमोर बिअरची बाटली? मंडळाच्या सेक्रेटरींचा चेहरा बघूनच तुम्ही ती पिशवीत परत घातलीत. बोंगोवाल्यानं गोल्डस्पॉटची आणलीय. आता ती लहान, म्हणून सूर चढा लागतो. आत पाणी कमी केलं की उतरतो. तो स्टेजवरच दोन घोट पितो, फुंकतो, मान हलवतो, आणखी एक घोट. लागला!

बाराच्या सुमाराला दुसरी पाळी सुटते. गर्दी मागून एकदम दाटते. नव्या माणसांच्या केसांत, भुवयांत कापसाची पांढरी कुसं आहेत, अंगाला यंत्राच्या तेलाचा वास. बसायला जागा नाही, कुणाला बसायचंही नाही. आणि ‘व्हॉइस ऑफ रफी’ मफलर सोडतो.

स्टेजच्या कडेला खुर्चीवर रफीसाहेबांची तसबीर, तिला झेंडूचा हार. तो आधी ‘कर्ज’मधलं ‘दर्द-ए-दिल’ घेतो. पोरं गप्प होतात. नंतर ‘तीसरी मंझिल’. आता सावरून बसा, हे तुमचं गाणं! सिनेमात शम्मी कपूर साक्षात ड्रमर आहे. हिंदी पडद्यानं तुमच्या जातीच्या माणसाला नायक केलं, असं रोज घडत नाही. दोन ओळींमधली ती भरण तुम्ही तबकडीबरहुकूम घेता, स्नेअरवरून टॉमवर, टॉमवरून थाळीवर, आणि पहिल्या मात्रेला पाय चोख पडतो. मंडप उसळतो. सगळ्यांचे डोळे गायकावर. फक्त ट्रम्पेटवाले गोंयकार अंकल ओठांवरून वाद्य न काढता मान किंचित तुमच्याकडे वळवतात आणि एक भुवई उचलतात. ते स्वरलिपी वाचणारे, चर्चच्या शाळेत घोटलेले. त्यांची भुवई फुकट उचलली जात नाही.

“वन्स मोअर!” पोटरी नको म्हणते. तुम्ही पुन्हा घेता. मग कोळीगीत, मग आणखी एक कोळीगीत, कारण खालच्या बायका उठून नाचायला लागल्यात आणि आता त्यांना कोण थांबवणार?

तीन वाजता सुतळी सोडा, वीट पोराला परत द्या. गायकाभोवती वह्या घेऊन घोळका जमलाय. त्यातून वाट काढत मोठा ड्रम डोक्यावरून न्या. मॅनेजर टेम्पोच्या दिव्यात पाकिटं वाटतोय. तुमची नाइट, म्हणजे रात्रीचे पैसे, हातात पडते, त्यातून फुटलेल्या काठीचे कापलेत.

“काठी माझीच होती,” तुम्ही म्हणता.

“फुटली माझ्या कार्यक्रमात ना? नुकसान दोघांचं,” तो म्हणतो आणि पुढच्याचं नाव घेतो. “उद्या कल्याण. साडेसहाला टिळक पुलाखाली. आणि हे बघ, ते मंडळ ‘मेहबूबा’ दोनदा मागतंय. बाटली घेऊन ये, मोठी.”