टिंबाच्या फायली आणि शेवटचा शब्द

तुमच्या होम डिरेक्टरीत टिंबाने सुरू होणाऱ्या काही फायली असतात. साध्या 'एलएस'ला त्या दिसत नाहीत. त्यातल्याच एकीने, '.बॅशआरसी'ने, माझं तीन आठवड्यांचं काम वाया घालवलं. क्लस्टरवर अॅडमिनने सगळ्यांसाठी प्रोग्रॅमची नवी आवृत्ती लावली होती. पण कधीकाळी कुठूनतरी आणून चिकटवलेली माझी 'पाथ'ची ओळ त्यानंतर वाचली जायची. शेवटचा शब्द तिचा! सगळे जॉब जुन्याच आवृत्तीवर चालले.

हे भांडण जुनं आहे. 1979 मध्ये बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बॉर्न यांचं शेल आलं, सोबत एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स आणि '.प्रोफाइल' आली. तिकडे बर्कलीत बिल जॉय यांच्या सी शेलच्या फायली वेगळ्या आणि व्याकरणही वेगळं. म्हणजे अॅडमिनने एकच सेटिंग दोन भाषांत लिहायचं.

खरी अडचण मात्र आणखी खोल आहे. प्रत्येक प्रोसेसला जन्मताना पालकाच्या एन्व्हायर्नमेंटची प्रत मिळते. मुलाने ती कितीही बदलली तरी पालकाला पत्ता लागत नाही. मग बाहेरचा एखादा प्रोग्रॅम तुमच्या चालू शेलचं सेटिंग बदलणार कसं? 1991 मध्ये जॉन फुर्लानी यांनी 'मॉड्यूल्स' मांडलं, त्यातली युक्ती मला फार आवडते. प्रोग्रॅम स्वतः काहीच बदलत नाही. तुम्ही जे शेल वापरता त्याच्या भाषेत तो फक्त कमांड छापून देतो, आणि तुमचं शेल त्या स्वतःवर चालवतं. मॉड्यूलची फाईल एकच, शेल कुठलंही. 'अनलोड' म्हटलं की केलेलं परतही घेतं.

पुढे 1993 मध्ये ऑस्लोत मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन केलं, नंतर पपेट, अॅन्सिबल आले. शेकडो मशीनवरच्या फायली एका दमात सारख्या करणं जमलं. पण होम डिरेक्टरी वापरणाऱ्याची. अख्खी फाईल बदलली तर त्याच्या ओळी जातात. नुसती ओळ जोडली तर खाली आणखी एक असतेच. शिवाय जे आधीच लॉग-इन आहेत त्यांच्या शेलमध्ये जुनीच किंमत राहते.

चूक कळल्यावर मी घाईघाईने 'मॉड्यूल पर्ज' मारलं. काही झालं नाही, कारण ते फक्त मॉड्यूलने केलेलंच पुसतं. हाताने लिहिलेलं त्याला माहीतच नसतं.

ती ओळ मी अजून काढलेली नाही. पुढे फक्त हॅश लावलाय.