कॅबिनेट-मॉडिंग

कॅबिनेट-मॉडिंग : टेबलावरच्या संगणकाचे बाहेरचे खोके हौसेने रंगवणे, कापणे, त्याला खिडकी पाडणे, दिवे लावणे, पंख्यांची जागा बदलणे या घरगुती कारागिरीला मिळून दिलेले नाव. आपल्याकडे या खोक्याला दुकानदार ‘कॅबिनेट’ म्हणतो आणि घरची माणसे ‘सीपीयू’. दुसरे नाव चुकीचे आहे. सीपीयू ही आत मदरबोर्डवर बसणारी, पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढी चिप. पण चुकीतही थोडे तथ्य आहे, कारण कॅबिनेट म्हणजे नुसते कपाट नव्हे. ते सुटे भाग धरून ठेवते, आतली गरम हवा बाहेर घालवते आणि विजेची गळती जमिनीकडे नेते. रंगवणाऱ्याच्या बहुतेक चुका यांपैकी दुसरे किंवा तिसरे काम विसरल्याने होतात.

पार्श्वभूमी : आयबीएमचा पहिला पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. त्याच्या नकला करणाऱ्या कंपन्यांनी आतल्या रचनेबरोबर त्याचा फिका, मळखाऊ रंगही उचलला. पुढची जवळपास वीस वर्षे जगभरच्या कचेऱ्यांत हाच बदामी रंग बसून होता. अपवाद मोजके : १९८८चा नेक्स्ट, मॅग्नेशियमच्या काळ्या घनात बसवलेला; १९९१चा सिलिकॉन ग्राफिक्सचा जांभळा इंडिगो; आणि १९९८चा अ‍ॅपलचा आयमॅक, अर्धपारदर्शक निळ्या प्लास्टिकचा. आयमॅकने संगणकाला रंग असू शकतो हे घराघरांत दाखवले, पण तो उघडून त्यात काही करायला फारसा वाव नव्हता.

मॉडिंगला खरी जमीन मिळाली ती १९९५मध्ये इंटेलने आणलेल्या एटीएक्स मानकामुळे. मदरबोर्डाचे माप (३०५ × २४४ मिमी), स्क्रूंच्या जागा आणि मागची खाच ठरून गेल्यावर एकाच कॅबिनेटात एकामागून एक तीन-चार मदरबोर्ड बसवता येऊ लागले. आतले यंत्र दोन वर्षांत जुने होई, खोके मात्र टिके. ज्या वस्तूवर हात फिरवायचा ती आपल्याकडे राहणार आहे, हे कळल्यावरच माणूस तिच्यावर मेहनत घेतो.

दुसरे कारण उष्णतेचे. १९९८च्या ऑगस्टमध्ये आलेली इंटेलची सेलेरॉन ३००ए ही स्वस्त चिप ६६ मेगाहर्ट्‌झच्या बसऐवजी (चिपला बाकीच्या यंत्राशी जोडणाऱ्या वाहिनीऐवजी) १०० मेगाहर्ट्‌झच्या बसवर चालवली की ३००ऐवजी ४५० मेगाहर्ट्‌झ वेग देई. असा वेग वाढवणाऱ्यांची कॅबिनेटे तापू लागली, आणि त्यांनी वरच्या पत्र्याला गोल भोक पाडून तिथे पंखा बसवला. या भोकाला ‘ब्लोहोल’ हे नाव पडले. पुढची पायरी बाजूच्या पत्र्याला खिडकी कापून आत निळी नळी पेटवण्याची. अमेरिका आणि युरोपातल्या लॅन पार्ट्यांना, म्हणजे संगणक काखोटीला मारून खेळायला जमण्याच्या मेळ्यांना, अशी कॅबिनेटे मिरवत नेली जात. यंत्राचा चेहरा त्यामुळे चारचौघांत दिसू लागला आणि त्याला ओळख हवीशी वाटू लागली. कारखानदारांनी हे हेरले. आज खिडकी, दिवे आणि सहा पंख्यांची जागा विकतच्या साध्या कॅबिनेटातही मिळते. त्यामुळे घरच्या मॉडिंगचा पसारा आटला आहे. कारखाना देत नाही ती एकच गोष्ट उरली : आपल्या मनासारखा रंग.

पत्रा आणि प्लास्टिक : बाजारातले बहुतेक कॅबिनेट ०.५ ते ०.८ मिमी जाडीच्या, जस्ताचा पातळ थर दिलेल्या पोलादी पत्र्याचे असते. पुढचा मुखवटा एबीएस प्लास्टिकचा, आणि अलीकडे बाजूला कडक काच. तिघांचे स्वभाव वेगळे.

घरात दाराच्या ग्रिलला मारून उरलेला तेलरंगाचा डबा असतो आणि पहिला मोह त्याचाच होतो. तो टाळावा. तेलरंगातले तेल जस्ताशी रासायनिक संयोग पावून साबणासारखा थर तयार करते. रंग महिना-दोन महिने छान दिसतो आणि मग नखाने उचलला तरी पापुद्र्यासारखा सुटून येतो. उघड्या जस्तावर आधी एच प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमरचे अस्तर लागते. बाहेरचे पत्रे मात्र बहुधा कारखान्यातच पावडर कोटिंग होऊन येतात. तो थर घट्ट धरलेला असेल तर खरवडून काढण्याची गरज नाही; ४०० नंबरच्या वॉटर पेपरने त्याची चकाकी मारली की नवा रंग त्यावर बसतो. सगळा रंग काढलाच पाहिजे हा हौशी लोकांचा समज निष्कारण दोन दिवस खातो.

एबीएस थिनरने, त्याहून जास्त अ‍ॅसिटोनने विरघळते. पुसायचे ते साबणाच्या पाण्याने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने. जुने पांढुरके मुखवटे पिवळे पडतात ते धुराने कमी आणि ऊन व प्लास्टिकातल्या ब्रोमीनयुक्त अग्निरोधकांमुळे जास्त. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवले की ते पुन्हा उजळतात. जुन्या संगणकांच्या शौकिनांनी २००८च्या सुमारास हा उपाय ‘रेट्रोब्राइट’ नावाने रूढ केला. केस रंगवण्याच्या सामानात मिळणारे ‘४० व्हॉल्यूम’ डेव्हलपर म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइडच. हातमोजे घालावेत, आणि पिवळेपणा काही वर्षांत परत येतो हे धरून चालावे. कडक काचेला तर हातच लावू नये. ती कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, आणि कडेवर फरशीचा टोला बसला तरी तिचा क्षणात चुरा होतो. काढलेली काच गादीवर ठेवावी, टाइल्सवर नव्हे.

सोडवणे : प्लग काढल्यावर मदरबोर्ड, डिस्का, पंखे, वायरी, सगळे बाहेर. विजेचा डबा, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात, तोही काढायचा, पण उघडायचा नाही. त्यातले कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही भार धरून असतात. पुढच्या बटणांच्या बारीक वायरी काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पॉवर आणि रिसेटच्या जोड्या उलट्या लागल्या तरी चालतात, दिव्यांच्या नाही. सांगाडाही सुटा करायचा असेल तर रिवेटांची डोकी ३.२ मिमीच्या ड्रिलने उडवावी लागतात. यात एक फजिती नेमाने होते : रिवेट सैल असेल तर ड्रिलबरोबर गरगर फिरते आणि कापले काहीच जात नाही. मागून पकडीने धरले की काम होते. जोडताना नव्या पॉप रिवेट आणि गॅरेजवाल्याकडची रिवेट गन पुरते.

कापकाम रंगापूर्वी उरकावे. १२० मिमीच्या पंख्याला ११४ मिमीचा होल सॉ लागतो आणि त्याच्या चार स्क्रूंची केंद्रे एकमेकांपासून १०५ मिमीवर येतात; ८० मिमीच्या पंख्याला हेच अंतर ७१.५ मिमी. खिडकीसाठी जिगसॉ पुरतो. पत्र्यावर आधी रुंद मास्किंग टेप चिकटवून त्यावर आखावे, म्हणजे जिगसॉच्या तळाचे ओरखडे टेपवर राहतात. कापलेली कड कानशीने घासून तिच्यावर रबरी बीडिंग चढवले की तीन मिमीचे अ‍ॅक्रिलिक तिथे शोभून दिसते. लोखंडाचा कीस मात्र कोनाकोपऱ्यांतून ब्रशने आणि पाण्याने काढून टाकावा. मदरबोर्डवर पडलेला एक तुकडा दोन टोके जोडून सगळा खेळ संपवू शकतो.

रंग : रंग मारायला अर्धा तास लागतो. त्याआधीच्या घासण्याला दोन संध्याकाळी जातात, आणि रंगाची प्रत त्या संध्याकाळींवर ठरते. खड्डे आणि जुनी भोके लांबी भरून, वाळवून, २२० नंबरपासून चढत्या क्रमाने घासावीत. हाताला जो उंचवटा लागतो तो चकचकीत रंगाखाली डोळ्याला दुप्पट दिसतो. मॅट रंग पुष्कळ झाकून घेतो. पहिल्या खेपेला तोच घ्यावा.

स्प्रेचा डबा दोन मिनिटे हलवून, पत्र्यापासून २० ते २५ सेंटिमीटरवर धरून, फवारा पत्र्याबाहेर सुरू करून पत्र्याबाहेरच थांबवायचा. पहिला हात दिल्यावर पत्रा केविलवाणा दिसतो, अस्तर जागोजाग डोकावत असते. इथेच माणसाचा संयम सुटतो, तो तिथल्या तिथे दुसरा झोत मारतो आणि रंगाचा ओघळ खाली सरकू लागतो. ओघळ बोटाने पुसू नये. तो पूर्ण वाळू द्यावा, वॉटर पेपरने समतल करावा आणि मग पुढचा हात द्यावा. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दिलेले तीन-चार पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमीच सरस. रंग हाताला वाळला म्हणजे कडक झाला असे नाही. आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर अंगठ्याचे नख दाबून पाहावे. खूण उमटत असेल तर जोडणीला आठवडा थांबणे शहाणपणाचे.

ऋतूचा हिशेब आपल्याकडे वेगळा करावा लागतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेतले बाष्प वाळत्या रंगात अडकते आणि पृष्ठभागावर पांढुरकी साय धरते, विशेषतः गॅरेजात वापरल्या जाणाऱ्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगांवर. उलट विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी थेंब हवेतच वाळतो आणि पत्र्यावर खरखरीत धुळीसारखा बसतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, ऊन वर आल्यावरचे दोन तास उत्तम. गच्चीवर वारा आणि चिलटे, घरात वास. यावर जुन्या चादरींचा आडोसा हाच काय तो तोडगा. डब्यातला वायू पेट घेणारा असतो, म्हणून जवळपास गॅसची शेगडी किंवा देवघरातले निरांजन पेटते नको. साधा एन-९५ मुखवटा रंगाचे कण अडवतो, थिनरची वाफ नाही. त्यासाठी कार्बनचे काडतूस असलेला मुखवटा लागतो. हार्डनर मिसळून मारायचे दोन घटकांचे मोटारींचे रंग घरात मारूच नयेत. त्यांतली आयसोसायनेट्स फुप्फुसांना कायमची इजा करू शकतात.

रंगाचे काम बाहेरही देता येते, आणि तेही मॉडिंगच. औद्योगिक वसाहतींतले पावडर कोटिंगवाले ग्रिल आणि कपाटांच्या लॉटमध्ये चार पत्रे घेतात. भट्टी साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसची असल्याने प्लास्टिकचा बारीकसा तुकडाही त्यावर राहता कामा नये. रंग नकोच असेल तर रिक्षा आणि दुचाकी सजवणारा रेडियमवाला आहे. त्याच्या कटरवर निघालेले व्हिनाइल पत्र्यावर सरळ बसते, कंटाळा आला की हेअर ड्रायरने गरम करून निघते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला हाच मार्ग परवडतो. सुटे पंखे, वायरी, जाळ्या यांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली ही नेहमीची ठिकाणे.

दिवे आणि हवा : गणपतीच्या मखराला लावलेली १२ व्होल्टची एलईडी पट्टी माळ्यावर पडून असते. तीच कॅबिनेटात चालते : एसएमपीएसच्या चार पिनांच्या मोठ्या जोडणीत पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि दोन काळ्या परतीच्या. विकतच्या दिव्यांत मात्र दोन जाती आहेत. चार पिनांचे आरजीबी १२ व्होल्टवर चालतात आणि तीन पिनांचे एआरजीबी ५ व्होल्टवर. तीन पिनांची पट्टी १२ व्होल्टवर लावली की ती जळते. पंख्यांबाबत, आत घेणारे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा थोडे जोरकस ठेवले तर हवा फटींतून बाहेर जाते, धूळ फटींतून आत येत नाही. आत घेणाऱ्या पंख्यापुढे मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडाही गाळणी म्हणून चालतो.

अर्थिंग : रंग वीज वाहून नेत नाही. मदरबोर्ड ज्यांवर टेकतो ते पितळी खुंट (स्टँडऑफ), एसएमपीएस जिथे स्क्रूने आवळतो ती मागची कड आणि पत्रे एकमेकांना टेकतात त्या जागा रंगापूर्वी टेपने झाकाव्या लागतात. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांच्या सॉकेटला अर्थची तार पुष्कळदा नसतेच. मग एसएमपीएसच्या गाळणीतील कपॅसिटरमधून येणारी सूक्ष्म गळती कॅबिनेटवर साचते, पत्रा मुख्य पुरवठ्याच्या निम्म्या, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टच्या पातळीवर तरंगतो आणि उघड्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या येतात. नव्या रंगाखाली हे कळत नाही, एवढेच. धोका जसाच्या तसा. जोडणी झाल्यावर प्लग सॉकेटबाहेर ठेवून मल्टिमीटरची एक तार त्याच्या जाड पिनेला आणि दुसरी कॅबिनेटच्या मागच्या उघड्या स्क्रूला लावावी. रोध एक ओहमच्या आत दिसला पाहिजे. सॉकेटमधली अर्थ मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच तपासून घ्यावी लागते.