मातींतून आलेलें औषध

रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालीं क्षयाचा जंतु जगाला दाखवून दिला. परंतु शत्रु ओळखणें निराळें आणि त्याला जिंकणें निराळें. पुढें साठ वर्षें स्वच्छ हवा, सकस अन्न व विश्रांति यांपलीकडे रोग्याला देण्यासारखें वैद्यांपाशीं फारसें कांहीं नव्हतें. पेनिसिलिन हातीं आलें, पण तेंहि या जंतूपुढें निष्प्रभ ठरलें.

मातींतील असंख्य सूक्ष्म जीव परस्परांशीं सतत झगडत असतात. त्यांपैकीं एखाद्याचा स्राव रोगजंतूंना मारक होईल काय, या प्रश्नाचा पाठपुरावा अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत, रटगर्स विद्यापीठाचे प्राध्यापक सेल्मन वाक्समन करीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेंत १९४० सालीं अॅक्टिनोमायसिन व १९४२ सालीं स्ट्रेप्टोथ्रिसिन सांपडलें. पण तीं औषधें जंतूंप्रमाणेंच प्राण्यांनाहि विषारी ठरलीं.

१९४३ सालीं अल्बर्ट शॅट्झ हा तेवीस वर्षांचा विद्यार्थी, पाठीच्या दुखण्यामुळें सैन्यांतून मुक्त होऊन, या प्रयोगशाळेंत परतला. तळघरांत बसून त्यानें मातीचे नमुने तपासण्यास आरंभ केला. १९ ऑक्टोबर १९४३ रोजीं त्याला हवा तो जीव गवसला. एक वाण खत घातलेल्या शेताच्या मातींतून, तर दुसरा कोंबडीच्या घशांतून. त्यापासून मिळालेल्या द्रव्याचें नांव स्ट्रेप्टोमायसिन. जानेवारी १९४४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निबंधावर शॅट्झ, एलिझाबेथ ब्यूजी व वाक्समन अशीं क्रमानें तीन नांवें होतीं.

मेयो क्लिनिकमधील फेल्डमन व हिन्शॉ यांनीं गिनीपिगांवर औषधाची परीक्षा घेतली. ब्रिटनमध्यें १९४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत औषध घेणाऱ्या ५५ रोग्यांपैकीं सहा महिन्यांत ४ दगावले. केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकीं १४. मात्र जंतु लवकरच औषधाला दाद देईनासे होतात, हेंहि त्याच वेळीं दिसून आलें. म्हणूनच पुढें अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली.

यशाबरोबर वादहि आला. पेटंटाचे हक्क दोघांनींहि विद्यापीठाच्या प्रतिष्ठानास दिले होते. परंतु त्या उत्पन्नाचा वांटा वाक्समन यांना मिळत असल्याचें कळतांच शॅट्झ यांनीं १९५० सालीं न्यायालयांत धांव घेतली. त्याच वर्षीं तडजोड होऊन त्यांना सहसंशोधक म्हणून मान्यता मिळाली. तरीहि १९५२ चें नोबेल पारितोषिक एकट्या वाक्समन यांनाच मिळालें. औषधाच्या उत्पन्नांतून रटगर्स येथें उभी राहिलेली सूक्ष्मजीवशास्त्राची संस्था १९५४ सालीं सुरू झाली.

मार्ग आंखून देणाऱ्या गुरूचें श्रेय कोणीहि नाकारणार नाहीं. पण तळघरांत रात्रंदिवस राबलेला हात विसरतां येत नाहीं. १९९४ सालीं, पन्नास वर्षांनीं, रटगर्स विद्यापीठानें शॅट्झ यांना आपलें पदक अर्पण केलें. तोंवर त्या औषधानें असंख्य घरांतील माणसें वांचविलीं होतीं, आणि त्यांतील बहुतेकांनीं या विद्यार्थ्याचें नांवहि ऐकलें नव्हतें.